ऑस्ट्रेलियातली राक्षसी मेंढरं, कोळंब्या, शेवंडी: गाडीनं जाणाऱ्यांनी अनुभव लिहा

तिथं रस्त्याकडेला उभारलेल्या ज्या अवाढव्य पुतळ्यांना 'बिग थिंग्ज' म्हणतात, ते पाहिलेल्यांनी पुढच्याला कामी येईल तेवढंच लिहा. 'धमाल आली' नको.

सिडनीकर
गोलबर्नचा बिग मेरिनो (मेरिनो जातीचा मेंढा): १९८५चा, १५.२ मीटर उंच, लोखंडी सांगाड्यावर काँक्रीट. १९९२ मध्ये सिडनी-मेलबर्नचा ह्यूम हायवे गावाबाहेरून गेला आणि तिथलं गिऱ्हाईक आटलं. शेवटी २००७ मध्ये अख्खा मेंढा उचलून ८०० मीटरवर, हायवेच्या फाट्याजवळ आणला. म्हणून सिडनीहून येताना गोलबर्नची पहिली एक्झिट सोडा, दक्षिणेकडची घ्या. नाहीतर सगळं गाव ओलांडावं लागतं. पेट्रोलपंप शेजारीच. आणि मागच्या बाजूनंही एक चक्कर मारा. घडवणाऱ्यांनी नरपणात काही कसर ठेवलेली नाही.

ब्रिस्बेनकर
न्यू साउथ वेल्समधल्या बॅलिनाची कोळंबी १९८९ची. २००९ मध्ये कौन्सिलनं ती पाडायला मंजुरीसुद्धा दिली होती! मग बनिंग्ज या हार्डवेअरवाल्यांनी जागा घेतली आणि २०१३ मध्ये तिची डागडुजी केली. शेपूट तेव्हाच बसवलं, आधी नव्हतंच. आता ती दुकानाच्या आवारात आहे, त्यामुळे गाडी लावायची चिंता नाही.
घड्याळ मात्र सांभाळा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू साउथ वेल्स क्वीन्सलंडच्या (म्हणजे ब्रिस्बेनच्या) एक तास पुढे असतं. ब्रिस्बेनच्या हिशेबानं चारला पोचणारा तिथं पाचला पोचतो आणि कॅफे बंद झालेले असतात.

मेलबर्नकर
साउथ ऑस्ट्रेलियातल्या किंग्स्टन एस.ई. (साउथ ईस्ट) गावची शेवंड, १९७९. १७ मीटर, लोखंडी सांगाड्यावर फायबरग्लास. आराखड्यातले फूट मीटर म्हणून वाचले गेले म्हणून एवढी झाली, ही तिथली दंतकथा. मला ती पटत नाही. समुद्रकाठच्या अशा कामांचं खरं दुखणं खारा वारा. आतलं लोखंड गंजून फुगतं, मग कवच तडकतं. उन्हानं वरचा थर खडूसारखा भुरभुरतो. तो घासून न काढता रंग मारला तर पापुद्रे सुटतात.
फोटोसाठी मोबाइल उभा, सरळ धरून साधारण २५ मीटर मागे जा. जवळून मान वर करून काढला तर पाय अवाढव्य आणि डोकं इवलंसं येतं. शेवंड हातात धरल्याचा फोटो हवा असेल तर माणूस कॅमेऱ्यापासून २-३ मीटरवर उभा करा आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. नाहीतर मागची शेवंडच धूसर होते.