व्हेरिकोज व्हेन्सवर लेसर करून घेण्याआधी काय विचारावे?

प्रश्न

माझे वडील 58 वर्षांचे असून साताऱ्यात त्यांचे केशकर्तनालय आहे. वर्षानुवर्षे दिवसभर उभे राहून काम केल्यावर आता डाव्या पायाच्या नसा फुगून वर आल्या आहेत. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली आहे, तिथे सतत खाज येते आणि एक लहानशी जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. त्यांना मधुमेहही आहे. एका दवाखान्यात नुसता पाय पाहून ‘दोन्ही पायांचे लेसर एकाच दिवशी करू, पुन्हा कधी त्रास होणार नाही’ असे सांगितले आणि पॅकेजचा कागद हातात दिला. वडिलांची शंका अशी की, नस बंद केली तर रक्त वर जाणार कुठून, आणि उद्या बायपास करायची वेळ आली तर पायातली नस आणायची कुठून? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी सर्जन आहे आणि असे रुग्ण रोज पाहतो. तुम्ही वर्णन केलेल्या पायाला उपचाराची गरज आहे, परंतु कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) न करता लेसर ठरवणे मला मान्य नाही. ही तपासणी रुग्णाला उभे करून करायची असते. पोटरी दाबून सोडली की शिरेतले रक्त वर न जाता उलटे खाली येते का, आणि येत असेल तर रक्त उलटे येऊ न देणाऱ्या कोणत्या झडपेपासून, हे त्यात दिसते. उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर झडप निकामी समजतात. खोलवरच्या शिरांमध्ये गुठळी नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घेतले जाते. उजव्या पायात दोष आढळलाच नाही, तर त्याचे लेसर कशासाठी करायचे?

वडिलांच्या शंकेचे उत्तर असे, की पायातले बहुतांश रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधूनच वर जाते. लेसरने बंद होते ती कातडीखालची बिघडलेली शीर, आणि ती बंद झाल्यामुळे खाली साचणारा दाब कमी होतो. बायपासचे म्हणाल तर फुगलेली, वेडीवाकडी शीर तिथे सहसा उपयोगी पडत नाही. त्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या पायातली शीर किंवा छातीतली व हातातली धमनी वापरता येते.

जखमेकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ब्रिटनमधील ‘इव्हरा’ चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टी बांधण्याचा उपचार दोन्ही गटांना मिळत होता, तरीही शिरेवर लवकर उपचार केलेल्या गटात निम्म्या रुग्णांची जखम भरायला 56 दिवस लागले, तर उपचार पुढे ढकललेल्या गटात 82 दिवस लागले. मधुमेह असल्यामुळे घट्ट पट्टी किंवा स्टॉकिंग्ज चढवण्यापूर्वी पावलाची नाडी आणि धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घेणे अत्यावश्यक आहे, कारण तो कमी असेल तर त्याच स्टॉकिंग्जमुळे पायाला इजा होऊ शकते.

प्रतिसाद २

माझ्या आईचे लेसर गेल्या वर्षी झाले, म्हणून प्रत्यक्ष काय होते ते लिहिते. गुडघ्याजवळ सुई टोचून तिथून बारीक तंतू शिरेतून जांघेपर्यंत सरकवला, आणि मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत शिरेभोवती मांडीभर ठिकठिकाणी भुलीचे थंड द्रावण टोचले. आईच्या मते सगळ्यात त्रासाचा भाग या टोचण्यांचाच होता. ते द्रावण केवळ बधिर करण्यासाठी नसते. त्याने शीर तंतूवर आवळली जाते आणि आसपासच्या कातडीला व मज्जातंतूंना लेसरची उष्णता लागत नाही, असे डॉक्टरांनी तिला समजावले होते. त्याच दिवशी ती चालत घरी आली. पुढे आठवडाभर मांडी काळीनिळी होती आणि आतून दोरी ओढल्यासारखा ताण जाणवत होता, तरी रोज चालायला सांगितले होते. पोटरीवरच्या वर आलेल्या गाठी लेसरने नेहमी पूर्ण जात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे छोटे छेद किंवा फोमचे (शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाचे) इंजेक्शन लागू शकते. त्याचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, ते आधीच विचारा.

प्रतिसाद ३

विम्याबद्दल थोडेसे. अनेक पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्सला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे पॉलिसीची सुरुवातीची तारीख पाहा. डॉपलरचा अहवाल आणि जखमेची नोंद असलेला डॉक्टरांचा कागद जोडा, नाहीतर केवळ सौंदर्यासाठी केलेला उपचार म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

दोन गोष्टी राहिल्या. ‘पुन्हा कधीच त्रास होणार नाही’ असे कोणी लिहून देऊ शकत नाही. बंद केलेली शीर क्वचित पुन्हा उघडते, आणि काही वर्षांनी दुसऱ्या शिरा फुगू शकतात. गुडघ्याखाली लेसर केल्यास काही जणांना बधिरपणा राहतो. खोल शिरेत गुठळी होणे क्वचित घडते, पण उपचारानंतर पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा छातीत दुखून दम लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि उपचार होईपर्यंत घोट्याजवळची एखादी शीर फुटून रक्त वाहू लागले, तर वडिलांना लगेच आडवे करा, पाय उंच धरा आणि स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाबून ठेवा. उभे किंवा बसते ठेवले तर रक्त सहज थांबत नाही.