आधी घरातल्या वाट्या मोजा

"छोटं ताट घेतलं की आपोआप कमी खाल्लं जातं" हे अर्धंच खरंय हो. मी मोठं ताट सोडून नाश्त्याच्या डिशमध्ये जेवायला लागले तर झालं काय, पोळ्या तेवढ्याच, भात दोनदा, आणि जागा नाही म्हणून कोशिंबीरच गायब! आकाराने डोळे फसतात हे मान्य, पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ज्या आहार-संशोधक ब्रायन वान्सिंकमुळे हे छोट्या भांड्यांचं फॅड पसरलं त्यांचे सहा पेपर २०१८ मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नल्सच्या समूहाने मागे घेतले, त्यात मोठ्या बाऊलमधून लोक जास्त वाढून घेतात हा पण होता.

मी म्हणते ताट मोठंच राहू दे, अर्धं भाजी-कोशिंबिरीने भरा आणि नजर वाटीवर ठेवा. माझ्या डाएटिशियनची "एक वाटी भात" म्हणजे १५० मिली, घरातल्या वाट्या पाणी ओतून मोजल्या तर आमटीची २२० आणि रुखवतातली ती जाडजूड पितळी ३०० च्या वर, तीही मी शिगोशीग भरत होते!! आता भाताला छोटी, ताकाला मोठी. आणि शेंगदाणे डब्यातून थेट खायचे नाहीत, तिथे कुठलीच वाटी कामाला येत नाही.