आधी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) की आधी अँटिबायोटिक? अ‍ॅडमिट पेशंटबद्दल बोलतेय

धुळ्याची सून: मागच्या महिन्यात सासूबाई अ‍ॅडमिट होत्या, लघवीची नळी लावलेली, चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप. लगेच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं आणि लघवी कल्चरला पाठवली दुसऱ्या दिवशी, दोन डोस आत गेल्यावर! रिपोर्ट 'नो ग्रोथ', औषध आधीच गेल्याने जंतू वाढलेच नसणार, ताप तसाच, मग अंदाजाने दोनदा औषध बदललं. माझं ठाम मत आहे, पहिल्या डोसआधी सँपल गेलंच पाहिजे.

रात्रपाळी: ताई, त्रास कळतो पण वॉर्डात उभं राहून बघा. रात्री दोनला म्हातारं माणूस कुडकुडतंय, बीपी उतरतंय, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर काय हातावर हात ठेवून बसायचं? इन्फेक्शन रक्तात गेलं की एकेक तास महाग पडतो.

धुळ्याची सून: औषध थांबवा असं कुठे म्हटलंय मी? रिपोर्टला तीन दिवस लागू देत, सँपल घ्यायला पाच मिनिटं पुरतात.

लॅबवाला: ताईंशी सहमत. जंतू वाढवायच्या प्लेटवर आम्ही अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवतो. ई. कोलाय हा जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीला अगदी चिकटून वाढलेला असतो, म्हणजे ते चालत नाही, आणि शेजारच्या नायट्रोफ्युरँटॉइनभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ, म्हणजे ते चालतं, हे कायम दिसतं. कधी क्लेब्सिएला नावाचा जंतू मेरोपेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकलाही दाद देत नाही, मग कोलिस्टिनसारखं किडनीला जड औषध काढावं लागतं. आणि कृपा करून युरिन बॅगमधली लघवी पाठवू नका, नळीच्या पोर्टमधून (सँपल घ्यायच्या तोंडातून) सुईने घ्या, दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

रात्रपाळी: मान्य, पण रिपोर्टवर औषधापुढे 'एस' (जंतूवर ते चालतं) आलं म्हणजे काम झालं असं नाही हो. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतं, किडनीत किंवा रक्तात गेलेल्या इन्फेक्शनला त्याचा उपयोग नाही. शिवाय बरेच दिवस नळी असली की लघवीत जंतू सापडतातच, ताप नाही दुखणं नाही तरी नातेवाईक रिपोर्ट नाचवत येतात, औषध द्या म्हणून. अशाने नको तिथे औषध जातं आणि जंतू अजून निगरगट्ट होतात.

धुळ्याची सून: हे पटलं, ताप नसताना मीही मागणार नाही. पण रिपोर्ट आल्यावर मोठं औषध बंद करून साधं देता का तुम्ही?

रात्रपाळी: मी बघतो. सगळे बघत नाहीत, हे खरंय.

धुळ्याची सून: आणि नळी? जितके दिवस आत तितका धोका जास्त ना? आमच्याकडे नवव्या दिवशी मीच विचारलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अगंबाई, अजून आहे का?"