बॉडी किट स्वतः बसवावं की दुकानात टाकावं? माझं मत: स्वतःच

पानेवाला (पुणे)

एका मित्राने परवा विचारलं, "तिसऱ्या पिढीची स्विफ्ट आहे. पुढे लिप, दोन्ही बाजूंना साइड स्कर्ट, मागे डिफ्यूझर लावायचाय. घरी जमेल का?" (लिप म्हणजे पुढच्या बंपरखालची पट्टी, स्कर्ट दाराखालची, डिफ्यूझर मागच्या बंपरखालचा भाग; हे सगळं मिळून बॉडी किट.) ग्रुपवर सगळ्यांचं एकच उत्तर आलं: "नसत्या फंदात पडू नको, दुकानात टाक, दोन तासांत गाडी हातात." मला हे अजिबात पटलेलं नाही.

माझं म्हणणं असं आहे की किट गाडीमालकाने स्वतःच बसवावं. अटी दोनच. कंपनीचा मूळ बंपर जागचा हलवायचा नाही आणि पत्र्याला एकही नवं भोक पाडायचं नाही. या दोन अटींत जे बसत नाही ते विकतच घेऊ नका.

खरी अडचण त्या दोन तासांतच आहे. साइड स्कर्ट कसा लावतात ते एकदा दुकानासमोर उभं राहून बघा. स्कर्ट दाराखालच्या सिलला टेकवला, ड्रिल लावलं, सेल्फ-टॅपिंग स्क्रू आत. भोकाच्या कडेचा रंग उडून उघडा पत्रा दिसतो, त्यावर प्रायमरचा थेंब नाही, ड्रिलचा लोखंडी चुरा सिलच्या पोकळीत तसाच. वरून कडेला सिलिकॉनची धार ओढली की झालं काम. सिलच्या खालच्या अंगाला कंपनीने पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात, ती त्या सिलिकॉनखाली बुजतात. मग आत शिरलेलं पाणी जाणार कुठे? गंज आतून बाहेर येतो आणि वर स्कर्ट असल्यामुळे पत्रा खाऊन होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

घरी माणूस घाई करत नाही. आधी किट मास्किंग टेपने नुसतं चिकटवून बघायचं, तेही रंग देण्याआधी. चार पावलं मागे जाऊन दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का ते बघायचं. मडगार्डच्या आतलं लायनर सोडवायला दहाचा पाना आणि क्लिपा काढायचं प्लास्टिकचं हत्यार पुरतं. मूळ क्लिपा, मूळ बोल्ट आणि चांगल्या प्रतीची दुहेरी टेप यांवर लिप आणि स्कर्ट व्यवस्थित बसतात. टेप लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. हवा साधारण २० ते ३८ अंशांत असावी, टेपवर सगळीकडून दाब द्यायचा आणि पुढचे ७२ तास गाडी धुवायची नाही. ऐन पावसाळ्यात हे काम काढू नये, एवढं पथ्य पाळा.

एफआरपीचं, म्हणजे फायबरचं किट मात्र घरी नको. ते हाताने साच्यात काढलेलं असतं, डावा-उजवा सारखा निघेलच असं नाही. घासताना उडणारी धूळ कातडीत शिरून खाज सुटते आणि छातीलाही वाईट. एबीएस प्लास्टिकचं घ्या.

---

सर्व्हेवाला (नाशिक)

पानेवाले साहेब, पत्र्याबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं. तरीही मी ठाम विरोधात आहे. मोटर विम्याच्या सर्व्हेचं काम करतो, म्हणून तुम्ही वगळलेली बाजू मांडतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला, बाहेरचे सुटे भाग बसवणंही त्यात आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे शब्द लक्षात घ्या. लिप, स्कर्ट आणि डिफ्यूझर वेगवेगळे मोजले तर?

विम्याचं म्हणाल तर न कळवता लावलेल्या भागाचे पैसे विसराच, मूळ दाव्यावरही प्रश्न उभे राहतात. दुकानात लावलं तर निदान बिल असतं. घरी लावलेल्या किटचा कागद कुठला दाखवणार? अपघातानंतर माझ्यासमोर बसलेल्या माणसाला "हे कुणी आणि कसं बसवलं?" असं विचारलं आणि त्याच्याकडे सांगायला काही नसलं, की तो सगळा दावा रेंगाळतो.

---

पानेवाला

कलम ५२ मीही वाचलंय, साहेब. नोंदणी प्रमाणपत्रात काय असतं? इंजिन नंबर, चासी नंबर, बॉडीचा प्रकार, रंग, आसनं, इंधन, वजन, व्हीलबेस. बंपरखाली चिकटवलेल्या लिपने यातलं काय बदललं? हॅचबॅक हॅचबॅकच राहिली. गाडीचा अख्खा रंग बदललात तर आरटीओत नोंद करावीच लागते, तिथे वाद नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेही योग्यच होतं. तो लोखंडी सांगाडा थेट चासीला जोडलेला असतो, धडकेचा जोर शोषण्याची रचनाच तो बिघडवतो. लिप काही चासीला जोडलेला नसतो. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

बिलाचं मात्र मान्य. किटचं जीएसटी बिल घ्यावं, विमा कंपनीला कळवावं आणि पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजच्या रकान्यात किंमत चढवून घ्यावी. दुकानात बसवलं तरी हे करावंच लागतं ना?

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, त्यामुळे हे सगळं वाचून गप्प बसवत नाही.

पानेवाले भाऊ, स्क्रू मारून मोकळे होणारे कारागीर आहेत, नाही म्हणत नाही. पण घरी बसवलेली किटं आमच्याकडे कुठल्या अवस्थेत येतात ते तुम्हाला दिसत नाही. चाकाच्या कमानीजवळ किट बसत नाही म्हणून हीटगन मारून मारून प्लास्टिक चकाकायला लागलेलं. डब्यातल्या स्प्रेने मारलेला रंग उन्हात शेजारच्या दारापेक्षा वेगळा. चंदेरी आणि मोत्याच्या रंगांत तर मापाने मिसळलेला रंगही शेजारच्या भागावर थोडा विरवत न्यावा लागतो, नाहीतर जोड लगेच ओळखू येतो. टू-के क्लिअर, म्हणजे रंगावर मारायचा दोन घटकांचा पारदर्शक थर, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. साध्या कापडी मास्कवर, बंद पार्किंगमध्ये ते मारणं म्हणजे फुफ्फुसांशी वैर. माझी पोरं बूथमध्ये कार्ट्रिजचा मास्क लावून काम करतात.

बसवायचं काम घरी करा, एक वेळ चालेल. रंगाचं काम मात्र गॅरेजलाच द्या. आणि कारागीर निवडताना सरळ विचारा, "पत्र्याला भोक पाडणार का? पाडलंत तर झिंक प्रायमर लावणार का?" उत्तर द्यायला जो अडखळेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका. सगळ्या गॅरेजवाल्यांना एकाच माळेत ओवू नका, एवढीच विनंती.

---

साचेकाम (पिंपरी)

मी गाड्यांच्या प्लास्टिक भागांच्या डिझाइनमध्ये आहे. वर दोन्ही बाजूंनी एक मोठी गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे तापल्यावर भाग वाढतो.

साइड स्कर्ट साधारण पावणेदोन मीटर लांब. हिवाळ्यातल्या पहाटेच्या आणि उन्हात उभ्या गाडीच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात एबीएसची ती पट्टी पाचेक मिलिमीटर वाढते आणि खालचा पोलादी सिल मिलिमीटरभरही नाही. दोन्ही टोकांना स्क्रू घट्ट आवळले तर हा फरक जाणार कुठे? मधे फुगवटा येतो किंवा टोकाला तडा जातो. म्हणून मधला एक बिंदू पक्का धरायचा, बाकीची भोकं लांबट ठेवायची आणि वॉशर घालून बोल्ट जेमतेम आवळायचे. हे दुकानातही क्वचितच कुणी करतं.

दुसरं, कंपनीचे बंपर बहुधा पॉलिप्रोपिलिनचे असतात. या प्लास्टिकला सहजासहजी काही चिकटत नाही. रंगवलेल्या भागावर टेप धरते, पण बंपरच्या खालच्या काळ्या, न रंगवलेल्या पट्टीवर अ‍ॅडहेजन प्रमोटर (पकड वाढवणारं द्रव) लावल्याशिवाय टेप टिकणार नाही. पानेवाले, लिप नेमका त्याच पट्टीवर येतो. तुमच्या कृतीत ही पायरी हवीच.

आणि अख्खा बंपर बदलून फायबरचा लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर कृपा करून सोडून द्या. पॉलिप्रोपिलिन धडकेत वाकतं, फायबर फुटतं आणि त्याचे धारदार तुकडे होतात. बंपर हा रस्त्यावरच्या चालत्या माणसाला पहिला लागणारा भाग आहे. त्याच्या आत बऱ्याच गाड्यांत ऊर्जा शोषणारा फोम असतो. बाहेरचा आकार बदलला की तो फोम मोजून-मापून ठेवलेल्या जागी काम करेलच याची खात्री राहत नाही. यात हौसेला जागा नाही.

---

जगबुडीकाठ (खेड)

मी या सगळ्याच्याच विरोधात. घरी नको आणि दुकानातही नको.

या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीच्या तळामधलं अंतर, १६३ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्याकडे गावोगावी डांबराचा ढीग ओतून केलेले उंचवटे आहेत, रुंदी हातभर. पुढे पन्नास मिलिमीटरचा लिप लोंबला की उतारावरून चढावर येताना आधी तोच घासणार. लाल चिखल स्कर्टच्या मागे साचतो आणि सुकून घट्ट बसतो. ज्या गंजाबद्दल तुम्ही इतकं लिहिलंत, त्याला कोकणात स्क्रूची गरजच नाही, ओल धरून ठेवणारा स्कर्ट पुरे. त्या कडा उघड्या असल्या की निदान वाळतात तरी.

तेच पैसे चांगल्या टायरांवर घाला. घाटात जीव टायर वाचवतात.

---

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

इकडची रीत सांगते. जर्मनीत स्वतः किट बसवायला कुणी आडकाठी करत नाही. मात्र भागासोबत कागद लागतो. काही भागांना सर्वसाधारण परवाना असतो, तो कागद गाडीत ठेवला की झालं. काहींना फक्त तपासणी अहवाल असतो. मग बसवल्यावर गाडी ट्यूफसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडे न्यायची, तिथला अभियंता जोडणी, कडा, चाकाला घासतंय का हे बघतो आणि मान्यता देतो. तेव्हा कुठे तो बदल कायदेशीर. कुणी बसवलं हा प्रश्नच नसतो, कसं बसलंय हे बघतात. आपल्याकडे हौशी माणसासाठी अशी खिडकी असती तर सर्व्हेवाले आणि पानेवाले एकाच बाजूला असते असं मला वाटतं.

---

सर्व्हेवाला

ताई, तशी खिडकी आज तरी आपल्याकडे नाही, आणि मी सल्ला आजच्या व्यवस्थेत देतो. आणखी दोन गोष्टी सांगतो.

पॉलिसीत किटची किंमत चढवली तरी प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) घेतलं नसेल तर. म्हणजे महागडं किट फुटल्यावर अर्धे पैसे तुमचेच.

दुसरं, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. तिचं स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडूनच निघतं आणि पुन्हा वापरता येत नाही. बंपरला हात लावायचा म्हणून कुणी ते तोडलं आणि प्लेट साध्या स्क्रूने लावली, तर रस्त्यात पहिल्या तपासणीलाच अडकेल. डिफ्यूझरसाठी मागचं काही सोडवावं लागणार असेल तर आधी प्लेट कुठे आहे ते बघा. स्विफ्टची मागची प्लेट डिकीच्या दारावर आहे, पुढची बंपरवर.

कायद्याबाबत माझं मत बदललेलं नाही. "लिपने काय बदललं" हा युक्तिवाद तुम्ही इथे करा, रस्त्यावरच्या अधिकाऱ्यासमोर तो चालेल याची हमी मी देणार नाही.

---

पानेवाला

अ‍ॅडहेजन प्रमोटर आणि लांबट भोकांची भर मोलाची आहे, मित्राच्या यादीत दोन्ही घातली. लांबट भोकं अर्थात किटला, पत्र्याला नव्हे. सिलच्या खालच्या शिवणीवर कंपनीच्याच क्लिपांच्या जागा असतील तर त्या वापरायच्या.

जगबुडीकाठ, कोकणात राहत असतो तर स्कर्ट मीही लावला नसता. मित्र हडपसरला राहतो आणि गाडी बहुतेक शहरातच चालते. तरी चिखलाचा मुद्दा धरून त्याला स्कर्टची खालची कड मोकळी सोडायला सांगतो, म्हणजे पाइप मारून आतून धुता येईल. जॅक टेकवायच्या खाचा स्कर्टखाली झाकल्या जात नाहीत ना, हेही विकत घेण्याआधी बघायला हवं. पंक्चर झाल्यावर रस्त्यात स्कर्ट उपटत बसायला नको.

उद्यमनगर, रंग गॅरेजमध्येच करून घेणार, सुटे भाग नेऊन, गाडी तिथे न ठेवता.

सर्व्हेवाले साहेब, कायद्यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. पण किट घेण्याआधीच मित्र विमा कंपनीला भागांची नावं आणि किमती लिहून मेल करणार आहे. लेखी होकार आला नाही तर पुढचा खर्च नाही, हे त्याने मान्य केलंय.

---

सर्व्हेवाला

मेलमध्ये "बंपर, चासी व नंबर प्लेटला धक्का नाही" हे वाक्य आणि बसवण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो जोडायला सांगा. उत्तर काय येतं ते इथे कळवा.