१५ हजारांत झॉम्बीची फिल्म : रंगीत करू की काळी-पांढरी?

लूमवाला_सोलापूर :
परवा रात्रपाळीवरून आलो आणि मोबाईलवर 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) लावला. जुना काळा-पांढरा पिक्चर, दहा मिनिटांत झोप लागंल म्हटलं. कसली झोप बे, पहाटे मोरीपर्यंत जायची छाती झाली नाही. जॉर्ज रोमेरोनं हे सगळं १ लाख १४ हजार डॉलरच्या आसपास उरकलंय. एक शेतघर, आत सात माणसं, बाहेर मेलेले.

खटकलं तेही सांगतो. नायिका बार्बरा सुरुवातीला जीव घेऊन पळते, मग सोफ्यावर बसून मुकीच. आणि मेलेले उठले कशानं, तर शुक्रावरून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्सर्गानं म्हणे! ते शास्त्रज्ञ टीव्हीवर बोलायला लागले की मी पुढं ढकललं.

आता मुद्दा. साखर पेठेत आत्याचा वाडा अर्धा रिकामा आहे. आम्ही तिघं भाऊ तिथं २० मिनिटांची फिल्म करायलोय. खिशात १५ हजार.

रंगभूषावाली :
काळी-पांढरीच करा. त्यांनी रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, रंगीत असतं तर सगळे जेवणात सांडून घेतल्यासारखे दिसले असते. मांसासाठी मटणवाल्याकडून वजडी आणा. मे महिन्यात मात्र शूटिंग नको, सोलापूरच्या उन्हात पावडर गळ्यापर्यंत ओघळते, अनुभव आहे. बार्बराबद्दल पटलं. पण तुमच्या फिल्ममध्ये बाई आहे का एक तरी?

गड्ड्यावरचा_पाळणा :
रंगाचं सोडा हो. पिक्चर चालतो तो भांडणावर. (शेवट फोडतोय, न पाहिलेल्यांनी खाली जा.) घरात अडकलेल्यांपैकी बेन म्हणतो तळघर म्हणजे सापळा, कूपर म्हणतो तिथंच चला. कूपर इतका भेकड आणि खडूस की आपण डोळे झाकून बेनकडून. आणि रात्र निभते ती त्याच तळघरात! सकाळी बाहेरची माणसं बेनला मेलेल्यांतला समजून गोळी घालतात. याला काय खर्च आला? वाड्यात बळद (धान्य साठवायचं तळघर) असेल तर तुमचंही भांडण तयार आहे.

लूमवाला_सोलापूर :
बळद आहे, आत्याची भांडी भरलीत त्यात. बाई म्हणजे आत्याच, मेलेली व्हायला तयार आहे पण नवीन इरकल नेसणार म्हणते. खरी अडचण आवाजाची. भिंतीपलीकडं लूम, म्हणजे कापडाचे माग. खटखटीत डायलॉग ऐकूच येत नाही.

रंगभूषावाली :
मग खटखट राहू द्या की सुरुवातीपासून. संवाद कमी करा. लाईट गेली, लूम थांबले, तेव्हा मेले येऊ द्या.

लूमवाला_सोलापूर :
आयला! आमच्या गल्लीत लूम थांबला की झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात. आत्याला सांगतो, इरकल नेस म्हणून. अंधारच आहे.