कल्चरचा नमुना पहिल्या डोसाआधी घ्यावा

रुग्ण अँटिबायोटिकच्या गोळ्या अर्धवट सोडतात म्हणूनच जंतू औषधांना दाद देत नाहीत, हे मत मला अपुरे वाटते. पुण्यातील रुग्णालयात आईच्या लघवीच्या कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणारी तपासणी) अहवालात ई. कोलाय हा नेहमीचाच जंतू होता; सिप्रोफ्लॉक्सासिन व सेफ्ट्रायाक्झोन या अँटिबायोटिकांपुढे ‘आर’, म्हणजे प्रतिरोधी, आणि नायट्रोफ्युरँटॉइन या जुन्या, स्वस्त औषधापुढे मात्र ‘एस’, म्हणजे संवेदनशील, असे छापले होते. सेफ्ट्रायाक्झोनसारखी सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे निकामी करणाऱ्या ईएसबीएल नावाच्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके प्लाझमिड या जंतूमधील डीएनएच्या छोट्या कड्यांद्वारे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे ज्याने कधीही गोळ्या अर्धवट सोडलेल्या नाहीत, त्यालाही असा संसर्ग होऊ शकतो. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढेलच असे नसते. म्हणून पहिल्या डोसाआधीच नमुना घेण्याचा आग्रह नातेवाइकांनी जरूर धरावा, मात्र अत्यवस्थ रुग्णाचे औषध त्यासाठी लांबवू नये.