मातृगया कुठं करायची, सिद्धपूर की पुष्कर?

सदाशिवपेठी: आईचं वर्षश्राद्ध झालं, आता मावशी मागे लागलीये मातृगया, म्हणजे आईचं पिंडदान, करून ये म्हणून, गुरुजी सिद्धपूरचं बिंदू सरोवर म्हणतात आणि मेव्हणा पुष्कर, पुण्याहून नक्की कुठं जाऊ?

कोथरूडकर: मातृगया म्हणजे सिद्धपूरच, गुजरात. कपिलमुनींनी आई देवहूतीला तिथं ज्ञान दिलं म्हणतात. अहमदाबादपर्यंत ट्रेन, पुढं गाडी. सरोवर म्हणून पानशेतएवढं काही डोळ्यांसमोर आणू नका हं, पायऱ्यांचं छोटंसं कुंड आहे, आमचे बाबा पिंड ठेवताना तिथं पहिल्यांदा रडले.

मिसळप्रेमी: पुष्करला ब्रह्मदेवाचं देऊळ आहे, जा पण कार्तिकी पौर्णिमा टाळा, उंटांच्या जत्रेत रूमच मिळत नाही.

सदाशिवपेठी: आणि बिंदू, पुष्कर धरून पवित्र मानलेली पाचही सरोवरं करायची तर?

कोथरूडकर: पंपा हंपीजवळ, नारायण सरोवर कच्छात, ही जमतील. मानसरोवर तिबेटात, सुमारे १५ हजार फुटांवर, गुडघे कसे आहेत?